डॉल्बी नावाचा माणूस आणि भिंतीपलीकडचं घर



आज एका वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. गटाच्या बैठकीत हल्ली तिचं नाव वरचेवर निघतं. शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्यासोबत आता कर्जाच्या कारणात 'होम थिएटर' असंही लिहिलेलं दिसतं. कुणाचा लेक पुण्याला वन रूम किचनमध्ये राहतो, कुणाची लेक चाकणला, कुणाची मुंबईत चौदाव्या मजल्यावर. टीव्ही घेऊन झालेला असतो, पण त्याचा आवाज नीट येत नाही. मग घरी फोन येतो, "आई, डॉल्बी घ्यायचाय, गटातून थोडे मिळतील का?"

डॉल्बी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मिरवणुकीतली ट्रॅक्टरवर रचलेली खोक्यांची भिंत. छातीत धडधड, खिडक्यांची तावदानं थरथरणारी, गोठ्यातली जनावरं बिथरलेली. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' हे शब्द आपण कोल्हापूर-साताऱ्याकडं किती वर्षं ऐकतोय. पण डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसानं आयुष्यभराचं नाव कमावलं ते आवाजातला गोंगाट कमी करून. शिवाय ही युक्ती त्याला सुचली ती आपल्या भारतात राहत असताना. त्याच्याकडे येऊच. पण आधी घरात आवाज आला कसा, ते बघू. मग फ्लॅटसाठी काय घ्यावं आणि काय नको, हे आपलं आपल्यालाच उमगेल.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं ऐकायचं तर गाणाऱ्याच्या समोर जाऊन बसावं लागे. देवळातलं भजन, जत्रेतला तमाशा, जात्यावरची ओवी. मैफलीला जायची मोकळीक घरातल्या बाईला नव्हती. १८७७ साली अमेरिकेत एडिसननं आवाज साठवायचं यंत्र केलं. १८८७ मध्ये एमिल बर्लिनर यानं चपट्या तबकडीची वाट काढली, आणि त्यातून ग्रामोफोन आला. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. गाणं संपलं की त्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकड्या छापायला परदेशी जात आणि तिथल्या कारागिराला कळायला हवं की ही कुणाची. त्या सुरुवातीच्या काळात तबकडीसाठी गाणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. ज्या बाईचं गाणं ऐकायला जाण्याची घरातल्या बाईला मुभा नव्हती, तिचा आवाज तबकडीतून माजघरापर्यंत आला.

त्या ग्रामोफोनला विजेची गरज नव्हती. किल्ली फिरवायची, सुई टेकवायची आणि भोंग्यातून आवाज यायचा. आवाज कमी-जास्त करायची कळच नव्हती. १९०६ मध्ये अमेरिकेत 'व्हिक्ट्रोला' नावाचं यंत्र निघालं. त्यात भोंगा लाकडी कपाटाच्या पोटात दडवला होता आणि पुढं दोन छोटी दारं होती. दारं उघडली की आवाज मोठा, लोटली की लहान. घरातला आवाज आवरायची सोय माणसानं इतक्या आधी शोधली होती. घर म्हटलं की आवाज आवरावा लागतो, हे त्या सुताराला कळलेलं होतं.

मग रेडिओ आला. मुंबईचं आकाशवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेव्हा ते एका खासगी कंपनीचं होतं. रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, त्याची फी पोस्टात भरावी लागे. आपल्यातल्या वयस्क मावशींना तो परवान्याचा छोटा पुस्तकवजा कागद आठवत असेल. रेडिओ महाग, म्हणून गावात एखादाच. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावोगाव ऐकणाऱ्यांचे गट केले. आठवड्यातून दोनदा गटानं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, शंका केंद्राला कळवायच्या. आज आपण हे भाषण गटात बसून ऐकतो, त्याची पाळंमुळं तिथवर जातात. तो आवाज सगळ्यांसाठी होता, सगळ्यांनी मिळून ऐकायचा होता. त्यात कुणाला त्रास व्हायचा प्रश्न कमी होता.

प्रश्न सुरू झाला तो माणसं भिंतीला भिंत लावून राहू लागली तेव्हा. १९२० च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोडला सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. कोकणातून, घाटावरून गेलेली आपली माणसं त्यात राहिली. एका खोलीत दहा-दहा जण, समोर सामाईक व्हरांडा. तिथं एकाचा रेडिओ म्हणजे सगळ्या मजल्याचा रेडिओ. गाणं लागलं की चार दारं उघडायची. पण रात्रपाळी करून आलेला गिरणी कामगार दुपारी झोपला असेल, तर रेडिओची कळ मागं फिरवावी लागे. आवाज वाटून घ्यायचा आणि आवरायचाही, हे चाळीतल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही, कारण शेजारी डोळ्यांसमोर होता. आज त्याच चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, १६० फुटांच्या जागी ५०० फुटांची घरं मिळतायत. दार बंद झालं, शेजारी दिसेनासा झाला. भिंत मात्र दोघांत एकच राहिली.

आता जरा सिनेमाकडं वळू, कारण होम थिएटर म्हणजे घरातला सिनेमा. सुरुवातीच्या बोलपटात आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडं चालत गेला तरी त्याचा आवाज जागचा हलायचा नाही. लंडनच्या ॲलन ब्लुमलाइन या इंजिनिअरला हे खटकलं. आपल्याला दोन कान आहेत, तर आवाजही दोन बाजूंनी हवा, असा विचार करून त्यानं डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते हेच. १९४० मध्ये डिस्नेच्या 'फँटेशिया' या चित्रपटानं प्रेक्षकांच्या भोवती कर्णे लावून पाहिले, पण ती यंत्रं इतकी महाग होती की थोड्याच थिएटरांना परवडली.

खोक्यातला स्पीकर आपण रोज पाहतो. त्याची आजची घडण १९२५ साली अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी दाखवली. लोहचुंबक, तारेची गुंडाळी आणि कागदाचा शंकू. वीज कमी-जास्त झाली की गुंडाळी हलते, तिच्याबरोबर कागद हलतो, कागद हवेला ढकलतो. उंच, बारीक आवाजाला थोडी हवा ढकलली तरी भागतं. ढोलासारख्या खोल आवाजाला, ज्याला आपण बेस म्हणतो, पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून पूर्वी चांगल्या बेससाठी कपाटाएवढी खोकी लागत. छोट्या घरात ती मावत नसत, म्हणून छोट्या घरात बेसही नव्हता.

१९५४ साली एडगर व्हिल्चर नावाच्या अमेरिकन माणसानं हे उलटंपालटं केलं. त्यानं लहान खोकं घट्ट बंद केलं. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी कागदाला मागंपुढं रेटायला लागली. पुस्तकाच्या फळीवर राहील एवढ्या खोक्यातून कपाटाएवढा खोल आवाज निघाला. चारच वर्षांत स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या, आता दोन खोकी लागणार होती. लहान खोक्यांची लाट आली. बेस छोट्या घरात शिरला तो असा. आणि छोट्या घराची भिंत दुसऱ्या छोट्या घराची होती.

भिंतीचं पुढं काय झालं, त्याची एक गंमत ऐका. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत 'अर्थक्वेक' म्हणजे भूकंपावरचा एक चित्रपट आला. प्रेक्षकांना खुर्चीत हादरे बसावेत म्हणून 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा लावली होती. मोठमोठी खोकी, आणि त्यातून इतका खोल आवाज की तो ऐकू येण्यापेक्षा अंगालाच जाणवे. हॉलिवूडच्या एका जुन्या थिएटरात छताचं प्लास्टर सुटून पडेल म्हणून खाली जाळी बांधावी लागली. आणि जिथं एका इमारतीत दोन पडदे होते, तिथं शेजारच्या पडद्यावर शांत प्रसंग चालू असताना भिंतीतून हादरे यायला लागले. 'गॉडफादर'चा दुसरा भाग बघायला आलेल्यांनी तक्रारी केल्या. थिएटरच्या भिंतींना जे अडवता आलं नाही, ते फ्लॅटची चार-सहा इंची भिंत कशी अडवेल?

यामागचं कारण सोपं आहे. आवाज हवेतल्या लाटांनी जातो. बोलण्यातल्या 'स', 'श', 'च' अशा अक्षरांच्या लाटा काही सेंटीमीटरच्या असतात, त्या भिंतीवर आपटून परत फिरतात. खोल बेसची एक लाट सात-सात मीटर लांब असते, म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या हॉलपेक्षाही लांब. ती भिंतीला, स्लॅबलाच हलवते आणि पलीकडं जाते. म्हणून शेजारच्या घरात लग्न असेल तर गाण्याचे शब्द आपल्याला कळत नाहीत, नुसतं 'धम् धम्' ऐकू येतं. शब्द त्यांच्या घरात राहतात, दणका आपल्याकडे येतो.

आपल्याकडे १९७५ साली 'शोले' आला. सत्तर एमएमचा पडदा, स्टिरिओचा आवाज. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. गावोगाव लोकांनी त्याचं घरी काय नेलं? संवाद! नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि त्या हातोहात खपल्या. पुढं लग्नात, पानाच्या ठेल्यावर लोक त्या ऐकत. ज्यांनी पडदा पाहिला नव्हता त्यांनाही डायलॉग पाठ झाले. सिनेमाच्या आवाजातून माणसाला घरी न्यावंसं वाटलं ते बोलणं. दुकानात होम थिएटर बघताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता आपल्या डॉल्बीकडे येऊ. रे डॉल्बी, जन्म १९३३, अमेरिकेतला. कॉलेजात असतानाच त्यानं चित्राची टेप वाजवणाऱ्या पहिल्या यंत्रावर काम केलं. इंग्लंडला केंब्रिजमध्ये डॉक्टरेट केली आणि १९६३ मध्ये युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात आला. चंदीगडला वैज्ञानिक उपकरणांची सरकारी संस्था उभी राहत होती, तिथं त्यानं दोन वर्षं काम केलं.

त्या काळी टेपवर काहीही भरलं तरी मागं एक सूं-सूं असे. ज्यांनी घरी कॅसेट वाजवली आहे त्यांना ती आठवत असेल. गाणं सुरू होण्याआधी ऐकू येणारी ती सरसर. मोठ्या गाण्यात ती झाकली जाई, पण हळू आलाप आला की वर येई. यावर सगळ्यांचा साधा उपाय एकच, आवाज वाढवा. पण आवाज वाढवला की सूं-सूंही वाढते. डॉल्बीला भारतात असताना वेगळी वाट सुचली. टेपवर भरतानाच हळू, बारीक आवाज उचलून मोठा करून भरायचा. वाजवताना तेवढाच खाली आणायचा. गाणं होतं तसं होतं, पण टेपची सरसर मधे घुसलेली, ती मात्र खाली दाबली जाते. १९६५ साली त्यानं लंडनला चार माणसांना घेऊन कंपनी काढली. पुढं १९६८ मध्ये हीच युक्ती घरगुती टेपसाठी आली, आणि कॅसेटवर दोन उलट-सुलट 'डी' असलेलं चिन्ह दिसू लागलं.

म्हणजे बघा, डॉल्बीचं पहिलं काम हे होतं की हळू बोललेलं स्पष्ट ऐकू यावं. नंतर त्याच्या कंपनीनं सिनेमाचा आवाज हातात घेतला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नं तो जगभर गाजवला. १९८२ मध्ये घरासाठी पहिला 'डॉल्बी सराउंड' आला. १९८७ मध्ये त्यात मधला स्पीकर धरला गेला. हा मधला स्पीकर टीव्हीच्या खाली बसतो आणि त्याचं मुख्य काम एकच, पात्रांचं बोलणं. १९९२ पासून सिनेमात आणि नंतर डीव्हीडीवर '५.१' आलं. या आकड्याचा अर्थ असा: पाच स्पीकर म्हणजे पुढं डावा, मधला, उजवा आणि मागं दोन, आणि तो 'पॉइंट एक' म्हणजे फक्त बेसचं खोकं, सबवूफर. २०१२ मध्ये 'ॲटमॉस' आलं, त्यात आवाज डोक्यावरूनही येतो.

थिएटरांच्या दारावर 'डॉल्बी' हा शब्द लागला आणि मोठ्या, भारी आवाजाला आपल्याकडं लोक तेच नाव देऊ लागले. मिरवणुकीतल्या भिंतीचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. ज्यानं सरसर दाबली त्याचं नाव आपण दणक्याला दिलं. रे डॉल्बी २०१३ साली वारला.

घरातल्या टीव्हीचं काय झालं, तेही सांगते. जुना डबा टीव्ही जाड होता, त्यात पुढं तोंड केलेला बरा स्पीकर मावायचा. नवा टीव्ही भिंतीवर टांगायचा, बोटभर जाडीचा. त्यात स्पीकरला जागाच नाही. लहान स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून बसवतात. आवाज भिंतीवर आपटून येतो, बोलणं पुसट होतं. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. चित्र मोठं झालं आणि बोलणं हरवलं, म्हणून टीव्हीखाली लांबट पट्टी आली, साउंडबार. तेव्हा लेक म्हणतो की नव्या टीव्हीचा आवाज नीट येत नाही, तर तो खोटं बोलत नाही. खर्च उगाच आहे असं म्हणून झटकू नका. प्रश्न एवढाच, की त्याला मोठा आवाज हवाय की स्पष्ट?

आता थोडं जड बोलते, पण बोलायला हवं. मोठा आवाज म्हणजे नुसता त्रास नसतो. जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. पुढं ती मुलगी जगली नाही. या बातमीनं अस्वस्थ होऊन एक नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८ जुलै २००५ ला न्यायालयानं आवाजावरचा मोठा निकाल दिला. मैत्रिणींनो, शेजारच्या घरातली बाई ओरडली, पोर रडलं, कुणी पडलं, तर ते ऐकू येणं हीसुद्धा शेजाऱ्याची जबाबदारी आहे. आपल्या हॉलमधला दणका ती जबाबदारी पुसून टाकतो.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आपण समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा धरतात, त्यावरून अंदाज करा. २०१० मध्ये त्यात भर पडली, की आपल्या मालकीच्या यंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये. म्हणजे 'माझं घर, माझा आवाज' हे कायद्यातही बसत नाही. फ्लॅटची हद्द म्हणजे ती सामाईक भिंत, पायाखालचा आणि डोक्यावरचा स्लॅब.

मग फ्लॅटसाठी निवडायचं कसं? इतिहास ऐकलात, आता त्यातूनच उत्तरं काढू.

पहिलं, वॅटच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पीएमपीओ' हजारोंत लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा, फुगवलेला आकडा. विचारायचं ते 'आरएमएस किती?' तो खरा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या हॉलला थोडे वॅट पुरतात, बाकीचे पैसे शेजाऱ्याच्या भिंतीत जातात.

दुसरं, बोलण्याला पहिला मान. दुकानदार नेहमी धडाम-धूम असलेला सिनेमा लावून दाखवतो. त्याला सांगायचं, "दादा, बातम्या लावा, मालिका लावा." आवाज कमी ठेवायला सांगा आणि चार पावलं लांब, पाठ करून उभ्या राहा. आपण बायका टीव्ही बघतो कमी, स्वयंपाकघरातून ऐकतो जास्त. फोडणी देताना शब्द कळले तर ते यंत्र चांगलं. मधला स्पीकर असलेला, म्हणजे '३.१' लिहिलेला साउंडबार मिळाला तर बोलण्यासाठी तो बरा. नुसता '२.०'सुद्धा लहान खोलीला पुरतो.

तिसरं, पाच-सहा खोक्यांचा संच लहान घराला अडचणीचा. मागचे दोन स्पीकर ठेवायला जागा नसते, मग ते फ्रिजवर, कपाटावर जातात, तारा पायात येतात, पोरं अडखळतात. डोक्यावरून आवाज यायचा ॲटमॉसचा साउंडबार छताला आवाज आपटवून चालतो. सपाट, कडक छताखालीच त्याचा उपयोग. उतरत्या पत्र्याच्या, कौलाच्या घरात त्याला जादा पैसे देऊन काही मिळत नाही.

चौथं, सबवूफर. दणका आवडतो, हे मी नाकारत नाही. पण फ्लॅटमध्ये भांडणं होतात ती याच खोक्यापायी. घ्यायचंच असेल तर ज्याचा बेस वेगळा कमी करता येतो असंच घ्या. कोपऱ्यात ठेवलं की बेस जास्त घुमतो, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवलं की थेट पलीकडं जातो. म्हणून कोपऱ्यापासून आणि सामाईक भिंतीपासून दूर ठेवा. थेट फरशीवर ठेवू नका, खाली जाड रबर किंवा फोमची चटई घाला, म्हणजे हादरा स्लॅबमध्ये कमी उतरेल. पडदे, गाद्या, गोधड्या यांनी खोलीतला घुमारा कमी होतो आणि बोलणं साफ होतं, पण बेस त्यांना जुमानत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पाचवं, रात्रीची सोय. पुष्कळ साउंडबारमध्ये 'नाइट मोड' असतो. तो मोठे दणके दाबतो आणि हळू बोलणं वर उचलतो. ओळखीचं वाटलं ना? चंदीगडला सुचलेल्या युक्तीचीच ही लांबची नात. ही कळ आहे का, हे घेताना नक्की विचारा. ब्लूटूथचा हेडफोन जोडता येतो का, हेही विचारा. मुलाला रात्री बारापर्यंत सिनेमा बघायचा असेल तर खुशाल बघू दे, त्याच्या कानात.

सहावं, टीव्हीची मागची बाजू आधी बघून या. 'एचडीएमआय' आणि त्याशेजारी 'एआरसी' लिहिलेलं असेल तर एका वायरीत काम होतं आणि एकाच रिमोटनं आवाज चालतो. जुन्या टीव्हीला ते नसतं, मग ऑप्टिकलची किंवा लाल-पांढरी वायर लागते. मोबाइलवर टीव्हीच्या मागचा फोटो काढून दुकानात न्या. पक्कं बिल, वॉरंटीचं कार्ड आणि तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती होते का, हे विचारल्याशिवाय पैसे सोडू नका.

आणि घरी आणल्यावर एक काम करा. यंत्र लावा, नेहमीचा आवाज ठेवा आणि स्वतः बाहेर पडून शेजारच्या दारात जा. त्यांना सांगा, "वहिनी, जरा आत येऊन ऐकू का, आमचा आवाज किती येतो?" आवाजाचा आकडा कमी करत करत, तिथं दणका ऐकू येईनासा झाला की तो आकडा रिमोटच्या मागं चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दिवसाचा एक, रात्रीचा एक. या पाच मिनिटांत शेजारणीशी ओळखही होते. फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं राहून जी होत नाही, ती.

गटातल्या ताईंना एक सांगणं. कर्जाच्या अर्जावर होम थिएटर आलं तर हसून मोडीत काढू नका. घरात बसून चांगलं ऐकावं, ही इच्छा व्हिक्ट्रोलाच्या काळापासूनची आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईलाही ती असते. पण अर्ज करणाऱ्या ताईला दोन प्रश्न विचारा. घरातलं अंतर्गत कर्ज आधी फिटलंय का, आणि यंत्र घेताना तू स्वतः दुकानात जाणार आहेस का? हप्ता तिच्या नावावर आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात, असं व्हायला नको. तिनं जावं, पाठ करून उभं राहावं, शब्द कळतात का ते ऐकावं.

पुढच्या बैठकीत यावर चर्चा करा आणि तुमच्या शंका नेहमीप्रमाणे केंद्राकडे पाठवा. कुणाच्या मुलानं-मुलीनं फ्लॅटमध्ये कोणता संच घेतला आणि शेजाऱ्यांचं काय म्हणणं आहे, तेही कळवा. आपण ते इथंच वाचून दाखवू.